चेहरा येईल असा

बर्स्लेमच्या उतारावर, बंद पडलेल्या बँकेशेजारी
जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
मालकाचं आडनाव लिहायला भलतंच, उच्चारायला कोकली.
मला मनातल्या मनात हसू फुटलं.
माणूस मात्र कोकलणारा नव्हे,
एकेक शब्द पुसून कपाटात ठेवल्यासारखा बोलणारा.

'कुणासाठी हवाय, डक?'
इथं सगळ्यांनाच डक म्हणतात.
तेहेतीस वर्षं झाली, मी बदक आहे.
'माझ्यासाठीच. शिकाऊ आहे.
साधा द्या. फार प्रश्न न विचारणारा.'

त्यानं पाच काढून मांडले.
एकाचं नाक लांब, बटण दाबलं की आणखी लांब.
एकाच्या पाठीवर इतकी बटणं
की चालू करावा की ओवाळावा, कळेना.
एक लाल, सडपातळ, पर्समध्ये हरवणार हे नक्की.
मेगापिक्सेल सांगू लागला तशी मी थांबवलं,
'तेवढं बारीक नको हो,
सुरकुत्या मोजायच्या नाहीयेत मला.'

त्याला काय सांगू,
शिकाऊ म्हणजे तशी अगदीच नाही.
इथल्या इस्पितळाच्या तळघरात एकतीस वर्षं
फोटोच काढले मी.
बरगड्या, गुडघे, नाणं गिळलेल्या पोरांची पोटं,
चिनीमातीच्या भट्ट्यांपाशी जन्म काढलेल्यांची
धुकं साचलेली फुप्फुसं.
अंधारखोलीतल्या रसायनाचा वास
घरी आमटीच्या फोडणीलाही दबत नसे.
मग कॉम्प्युटर आले, वास गेला,
वाक्यं तेवढी तीच राहिली:
श्वास आत घ्या. धरून ठेवा. हलू नका.
आणि मी भिंतीआड.

आडनाव टिपणीस,
आणि साठी उलटेपर्यंत एक चेहरा टिपला नाही.
लागलाच नाही कधी.
ह्यांचासुद्धा शेवटचा फोटो माझ्याकडे आहे तो छातीचा.
उजव्या बाजूला, खाली,
लिंबाएवढी सावली.

कोकलीनं शेवटी खणातून सहावा काढला.
जाडजूड, करडा, पेन्सिल सेलवर चालणारा,
डोळा लावायला खिडकी असलेला.
'ह्यात फारसं काही नाही,' म्हणाला, माफी मागितल्यासारखं.
हातात बसला,
भरल्या वाटीसारखा.

तो दाखवत होता, इथं धरा, इथं अर्धंच दाबा,
आणि माझं लक्ष त्याच्या डाव्या मनगटाकडे.
अंगठ्याच्या मुळाशी ती किंचित पायरी.
जुनं मोडलेलं, नीट न सांधलेलं.
हे मी पाहिलंय.
कदाचित.
बर्फावर घसरून किती मनगटं आली माझ्याकडे,
नावं कुठं राहतात सगळ्यांची.
विचारलं नाही.

पहिला फोटो त्या हाताचाच निघाला.
'डोकं कुठं गेलं माझं, डक?'

पुन्हा खिडकीला डोळा लावला.
पिवळट मिशी, गळ्यात चष्म्याची दोरी,
आणि तो बिचारा फोटोसाठी म्हणून
छाती फुगवून, श्वास रोखून उभा.
'सोडा,' मी म्हणाले,
'श्वास सोडा. हललात तरी चालेल.'

हलला तो. फोटोही हलला.
अठ्ठावीस पौंड. सेल त्याच्याकडून.

बसस्टॉपवर बसून पाहिले सगळे:
हात,
हललेला हसरा माणूस,
बाटलीच्या आकाराची एक भट्टी, जरा कलंडलेली,
आणि चौथा नुसताच गुलाबी, धूसर,
भिंगावर आलेला माझाच अंगठा.

मांसासकट.
हाडाचा कुठं पत्ता नाही.